दंतवैद्यांचे सॅडल स्टूल: कंबर वाचते, पण रुग्णाची खुर्ची पुरेशी वर चढत असेल तरच

सॅडल स्टूल म्हणजे घोड्याच्या खोगिरासारख्या बैठकीचे, मांड्या फाकवून बसायचे उंच स्टूल. त्याविषयी दंतवैद्यांमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. या स्टूलने कंबर वाचवली असे काही जण सांगतात, तर काहींनी ते थोड्याच दिवसांत कोपऱ्यात ढकलून जुने गोल स्टूल पुन्हा पुढे ओढलेले असते. माझ्या मते दोन्ही बाजू खरे बोलतात, आणि त्यांच्या अनुभवांतील फरकाचे कारण बहुतेक वेळा स्टूलात नसून शेजारच्या रुग्णाच्या खुर्चीत असते. मी स्वतः दुभंगलेल्या, म्हणजे मधोमध फट असलेल्या बैठकीचे सॅडल स्टूल वापरतो आणि माझे सहकारी अखंड बैठकीचे. त्यामुळे पुढील परीक्षण एका मॉडेलचे नसून या प्रकाराचे आहे. उत्पादकांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण येथे नोंदवलेले बहुतेक गुणदोष कोणत्याही कंपनीच्या सॅडल स्टूलात कमीअधिक प्रमाणात आढळतील.

दंतवैद्याची पाठ का दुखते, हे आधी स्पष्ट असलेले बरे. त्याशिवाय स्टूलकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची हे ठरत नाही. आपल्या व्यवसायात जड वजन उचलावे लागत नाही. पण तोंडासारख्या अरुंद, अंधाऱ्या जागेत काही मिलिमीटरच्या पृष्ठभागावर हँडपीस (दात कोरण्याचे हातातले यंत्र) स्थिर धरायचा, दुसऱ्या हाताने आरसा सांभाळायचा, आणि वरच्या दाढेची गालाकडची बाजू दिसावी म्हणून कंबर एका अंगाला झुकवून मान उलट दिशेला वळवायची, ही स्थिती मिनिटांमागून मिनिटे टिकवावी लागते. स्नायू हालचाल करत असताना त्यांतून रक्त खेळते राहते. एकाच स्थितीत आवळून धरलेल्या स्नायूला मात्र तेवढे रक्त मिळत नाही आणि तो लवकर थकतो. दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट (दातांची स्वच्छता करणारे) आणि या शाखेतील विद्यार्थी यांच्यावरील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्नायू व सांध्यांच्या दुखण्याचे प्रमाण ६४ ते ९३ टक्के असल्याचे नमूद आहे. हा पल्ला मोठा वाटला तरी त्याचे खालचे टोकसुद्धा निम्म्याहून बरेच वर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सपाट स्टूलवर मांड्या जमिनीला समांतर ठेवून बसले की मांडी आणि धड यांच्यात काटकोन होतो. हा काटकोन केवळ खुब्याच्या सांध्यात होत असता, तर प्रश्न उद्भवला नसता. प्रत्यक्षात नितंबांचे आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाच्या हाडांना मागे ओढतात आणि उरलेला कोन कमरेचा कणा गोल करून भरून काढला जातो. जे. जे. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण प्रतिमांच्या आधारे दाखवले होते की मांडी आणि धड यांच्यातील कोन सुमारे १३५ अंश असताना कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो आणि ९० अंशांना तो सपाट होऊ लागतो. ‘बसणे हेच वाईट’ असे मात्र यातून निघत नाही. मणक्यांमधील चकतीवरचा दाब मोजणारी आल्फ नाकेमसन यांची १९६० च्या दशकातील मापने उभे राहण्यापेक्षा बसताना दाब जास्त असल्याचे सांगत. विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली केलेल्या मापनांत सैल बसलेल्या अवस्थेतील दाब सैल उभे असतानाच्या दाबापेक्षा किंचित कमीच आढळला. पण पुढे वाकून बसले की दाब वाढतो, याबाबत दोन्ही मापने एकाच बाजूला आहेत. आणि दंतवैद्य जेव्हा बसतो तेव्हा तो वाकूनच बसतो.

सॅडल स्टूलचे उत्तर साधे आहे. बैठक उंच घ्यायची, मांड्या बाजूला फाकवून गुडघे खुब्यांच्या खाली जाऊ द्यायचे आणि कोन १३५ अंशांच्या आसपास नेऊन ओटीपोट मागे ढळणार नाही असे पाहायचे. घोड्यावरचा स्वार नेमका असाच बसतो. ही कल्पना काही दंतवैद्यकात जन्मलेली नाही. पुढे उतरत्या बैठकीचा पुरस्कार डॅनिश शल्यचिकित्सक ए. सी. मांदाल यांनी केला, नॉर्वेचे पीटर ओपस्विक यांनी स्वाराच्या बसण्यावरून सुचलेली कापिस्को ही खुर्ची घडवली, ऑस्ट्रेलियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ मेरी गेल यांच्या आराखड्यातून बॅम्बाक ही बैठक आली, आणि फिनलंडमधील साली या कंपनीने मधोमध फट असलेली बैठक रूढ केली. दंतवैद्यकात बसून काम करण्याची रीत मुळात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, रुग्णाला आडवे झोपवणाऱ्या खुर्च्या आल्यावर स्थिरावली. त्याआधी दंतवैद्य उभ्याने काम करत आणि पाठीसोबत पायांचेही हाल होत.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. कमरेच्या बाबतीत हे स्टूल आपला शब्द पाळते. खालच्या दाढेचे रूट कॅनाल लांबत गेले की सपाट स्टूलवर कंबर कधी गोल झाली हे कळतही नसे; सॅडलवर तसे ढेपाळून बसणेच अवघड जाते, कारण ओटीपोट पुढे कललेले राहते आणि वाकायचे झालेच तर धड खुब्यातून झुकते, कमरेतून नाही. दुसरा फायदा मला आधी अपेक्षित नव्हता. मांड्या उतरत्या आणि फाकलेल्या असल्याने रुग्णाच्या डोक्यामागे, म्हणजे रुग्णाचे डोके घड्याळाच्या तबकडीवर बाराकडे मानले तर बाराच्या स्थितीत बसताना हेडरेस्ट दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेता येते आणि तोंडाच्या बरेच जवळ जाता येते. सपाट स्टूलवर गुडघे रुग्णाच्या खुर्चीच्या पाठीला अडत, मग उरलेले अंतर हात लांब करून किंवा धड पुढे टाकून भरून काढावे लागे. नऊच्या, म्हणजे रुग्णाच्या बाजूच्या स्थितीतून बाराकडे सरकणेही सोपे होते, कारण पायांवर थोडा भार असल्यामुळे स्टूल पायानेच सहज ढकलता येते.

आता मुख्य अटीकडे येऊ. बैठक दहा-पंधरा सेंटिमीटर उंचावली की कोपरही तेवढेच उंचावते, आणि रुग्णाचे तोंड कोपराच्या पातळीत किंवा किंचित वर आणायचे असेल तर रुग्णाची खुर्चीही तेवढीच वर जायला हवी. बऱ्याच खुर्च्या, विशेषतः जुन्या, तेवढ्या वर चढतच नाहीत. मग उंच बसलेला दंतवैद्य खाली राहिलेल्या तोंडाकडे पूर्वीपेक्षाही अधिक वाकतो आणि महागडे स्टूल घेऊन दुखणे वाढवून ठेवतो. उंच शरीरयष्टीच्या व्यक्तींना हे सर्वांत जास्त भोवते. म्हणून स्टूल पसंत करण्याआधी आपल्याच खोलीत रुग्णाची खुर्ची सर्वांत वरच्या पातळीवर न्यावी, कोणाला तरी तिच्यावर आडवे झोपवावे, नमुन्याच्या स्टूलवर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून बसावे, खांदे सैल सोडावेत आणि कोपर अंगालगत ठेवून बोटे समोरच्या दातांपर्यंत कुठे पोहोचतात ते पाहावे. बोटे तोंडाच्या वरच हवेत राहत असतील तर खरेदी थांबवावी, मग विक्रेता काहीही सांगो. प्रदर्शनातल्या दालनात स्टूलवर दोन मिनिटे बसून घेतलेला निर्णय या कारणाने निरुपयोगी ठरतो. तेथे समोर रुग्णच नसतो.

रुग्णाच्या खुर्चीच्या पाठीची जाडीही पाहावी. पाठ जाड असेल तर मांड्या तिच्याखाली जात नाहीत आणि सॅडलचा जवळ जाण्याचा फायदा निम्मा होतो. हेडरेस्ट दोन सांध्यांची असेल तर वरच्या जबड्यासाठी हनुवटी वर आणि खालच्या जबड्यासाठी हनुवटी छातीकडे नेणे सोपे पडते. रुग्णाचे डोके वळवण्याऐवजी स्वतःची पाठ वळवणे ही आपली जुनी खोड आहे, आणि ती सोडवण्याचे सामर्थ्य कोणत्याही बैठकीत नाही.

गॅस लिफ्टची, म्हणजे बैठक वर-खाली करणाऱ्या नळकांड्याची उंची हा या खरेदीतील सर्वांत दुर्लक्षित तपशील होय. एकच बैठक आखूड, मध्यम आणि उंच नळकांड्यासह मिळते, आणि ऑर्डर देताना विचारले नाही तर बहुधा मध्यम येते. कमी उंचीच्या व्यक्तीला त्या नळकांड्याची सर्वांत खालची पातळीही उंच पडते, टाचा अधांतरी राहतात, आणि मग शरीराचा भार मांड्यांच्या आतल्या बाजूवर येतो. पाय पूर्ण टेकत नसतील तर ते सॅडल स्टूल तुमच्यासाठी नाही, एवढे सरळ म्हणता येईल. बैठकीची रुंदीही अशीच शरीरावर अवलंबून असते. अरुंद ओटीपोटाच्या व्यक्तीला रुंद सॅडलवर खुबे ताणले गेल्यासारखे वाटतात.

अखंड की दुभंगलेली बैठक, या प्रश्नावर माझे मत दुभंगलेल्या बैठकीकडे झुकते, पण विनाशर्त नाही. अखंड सॅडलचा मधला उंचवटा जांघेतील मऊ भागावर दाब देतो. बैठक पुढे जास्त कललेली असेल तर हा दाब लवकर असह्य होतो. मधोमध फट असली की भार बसण्याच्या दोन हाडांवर जातो आणि मध्ये हवाही खेळते. मात्र फट स्वच्छ करणे हे रोजचे काम होऊन बसते. रुग्णागणिक पृष्ठभाग पुसण्याची शिस्त ज्या व्यवसायात पाळायची आहे, तेथे धूळ, पावडरचे कण आणि उडालेले थेंब साचतील अशी खाच असणे हा दोषच आहे. अखंड बैठक एका फटक्यात पुसून होते, आणि माझे सहकारी तिलाच चिकटून आहेत ते केवळ याच कारणाने. त्यांची बाजू मला चुकीची वाटत नाही.

सवय होईपर्यंतचा काळ त्रासाचा असतो आणि विक्रेते तो कमी करून सांगतात. पहिले काही आठवडे मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू आणि बसण्याची हाडे दुखतात, कधी कधी इतकी की जुने स्टूल जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. सकाळी तपासण्या आणि छोटी फिलिंग सॅडलवर, लांबलेली कामे जुन्या स्टूलवर, आणि मग हळूहळू सॅडलचा वेळ वाढवत जाणे, हा क्रम मला उपयोगी पडला. अरुंद, न ताणणाऱ्या कपड्यांत या स्टूलवर नीट बसताच येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

बैठकीचा कल बदलणारी कळ बहुतेक स्टूलना असते आणि तिचा गैरवापरही तितकाच होतो. कल वाढवला की कमरेचा बाक वाढतो म्हणून तो जास्तीत जास्त ठेवण्याकडे ओढा असतो. पण तसे केल्यास शरीर पुढे घसरू लागते, घसरू नये म्हणून पायांनी सतत रेटा द्यावा लागतो आणि कमरेचा त्रास गुडघ्यांकडे सरकतो. बैठकीच्या मागच्या उंच भागापर्यंत पूर्ण मागे सरकून बसावे, आधी उंची ठरवावी, मग थोडासा कल द्यावा, आणि सर्वांत शेवटी रुग्णाची खुर्ची वर आणावी. हा क्रम उलटा केला तर माणूस रुग्णाच्या उंचीशी जुळवून घेत बसतो, म्हणजे पुन्हा मूळ पदावर येतो. एकाच स्टूलवर पाळीपाळीने दोन-तीन दंतवैद्य बसत असतील तर ही जुळवाजुळव दरवेळी कोणी करत नाही, आणि अशा ठिकाणी सॅडलचा फारसा लाभ होणार नाही.

फूट कंट्रोलचा, म्हणजे हँडपीस चालवणाऱ्या पायाच्या पेडलचा मुद्दा कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळला नाही. सॅडलवर पाय बाहेरच्या दिशेने वळलेले असतात आणि शरीराचा काही भार ते वाहत असतात; त्यातला एक पाय पेडलवर गेला की तेवढा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि ओटीपोट किंचित तिरके होते. पेडल जुन्याच जागी ठेवले तर पाय त्याच्या शोधात पुढे जातो आणि बैठक बिघडते. ते पायाच्या नव्या जागेखाली, जवळ आणि थोडे बाहेरच्या बाजूला सरकवून घ्यावे, आणि जमेल तेव्हा पाय आलटूनपालटून वापरावा.

मानेविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे हे स्टूल फारसे काही करत नाही. डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते आणि ते किती पुढे झुकते, हे नजरेच्या कोनावर ठरते. लूप्सचा (चष्म्यावर बसवलेल्या भिंगांचा) खाली पाहण्याचा कोन उथळ असेल तर कंबर कितीही ताठ असली तरी मान वाकणारच. कंबर सुधारली आणि मान मात्र तशीच राहिली, अशी तक्रार करणाऱ्यांनी स्टूलला दोष देण्याआधी लूप्स तपासून घ्यावेत.

या बैठकीच्या बाजूने अभ्यासही आहेत. बर्मिंगहॅम येथील दंतवैद्यक विद्यार्थ्यांवरील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅडल बैठकीवरील विद्यार्थ्यांच्या शरीरस्थितीला ‘रुला’ या मोजपट्टीवर नेहमीच्या बैठकीपेक्षा कमी धोक्याचे गुण मिळाले होते. मॅकअटॅमनी आणि कॉर्लेट यांनी १९९३ साली मांडलेली ही पद्धत हात, मान, धड यांची स्थिती पाहून गुण देते. ती स्थिती मोजते, दुखणे नाही, आणि विद्यार्थ्यांच्या पाठी तरुण असतात; तेव्हा या निष्कर्षाचा आधार घ्यावा, पण बरे होण्याची हमी म्हणून तो कोणी पुढे केला तर मानू नये. ज्यांना खुब्याची झीज आहे, मांड्या फाकवताना जांघेत कळ येते किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांनी तर आपल्या अस्थिरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या बैठकीच्या वाटेला जाऊ नये.

असिस्टंटच्या बाबतीत माझा अनुभव निराशाजनक आहे. सक्शन (तोंडातील लाळ-पाणी ओढून घेणारी नळी) धरणाऱ्या व्यक्तीला दंतवैद्याच्या हातांवरून तोंडात पाहता यावे म्हणून तिने दंतवैद्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच बसायचे असते. दंतवैद्य सॅडलवर उंचावला की असिस्टंटची बैठक आणखी वर जाते. तेथे पाय जमिनीला पोहोचणे शक्यच नसते, मग स्टूलला पाय ठेवण्यासाठी कडे लागते. त्या कड्यावर पाय ठेवले की गुडघे पुन्हा वर येतात आणि सॅडलने साधलेला कोन पुन्हा काटकोनाकडे जातो. शिवाय असिस्टंट बाजूने काम करते, तिला एका कुशीवर झुकावे लागते, आणि त्यासाठी पोटाशी किंवा बरगडीखाली टेकता येईल असा वळणारा दांडा असलेले, रुंद पायाचे स्टूल लागते. ते सॅडलच्या संचात क्वचितच असते. माझ्या खोलीत सॅडल आल्यानंतर असिस्टंटच्या खांद्याचे दुखणे वाढले. तिला अधिक उंच नळकांडे आणि टेकणीचा दांडा असलेले साधे स्टूल दिल्यावर ते उतरले. दंतवैद्यासाठी नवी बैठक आणि असिस्टंटसाठी दंतवैद्याचे जुने स्टूल, ही पद्धत अनेक क्लिनिकमध्ये दिसते, आणि सॅडल घेतल्यावर ती अधिकच घातक ठरते. दोन्ही बैठका एकाच वेळी निवडायच्या नसतील तर सॅडल घेऊच नये, इथपर्यंत मी म्हणेन.

बांधणीविषयी थोडक्यात. पाच पायांचा, जड आणि रुंद तळ आवश्यक आहे, कारण उंच बैठकीवरून बाजूला झुकताना अरुंद तळ डळमळतो. कठीण फरशीवर मऊ चाके घ्यावीत, आणि भार नसताना आपोआप अडणारी चाके मिळाली तर उत्तमच. उंच सॅडलवर चढताना स्टूल मागे निसटण्याचा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. आवरणावर शिवण जितकी कमी तितके चांगले. माझ्या स्टूलच्या कृत्रिम चामड्याला अल्कोहोलयुक्त पुसण्यांमुळे कडांना भेगा पडल्या, आणि कंपनीने ते ‘नेहमीच्या वापरातील झीज’ ठरवून हात झटकले; दंतवैद्यासाठी म्हणून विकलेल्या स्टूलच्या बाबतीत हे उत्तर मला मुळीच पटलेले नाही. कोणते जंतुनाशक चालेल हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. गॅस लिफ्टही कालांतराने दिवसभरात हळूहळू खाली बसू लागली. ती मात्र सहज बदलून मिळाली. पाठीचा टेका बहुतेक सॅडलना नसतो किंवा वेगळा घ्यावा लागतो. काम करताना पाठ त्याला लागत नाही हे खरे, पण क्ष-किरण प्रतिमेची वाट पाहताना किंवा नोंदी लिहिताना तो हवासा वाटतो, आणि मी तो जोडून घेतला आहे.

दुसऱ्या खोलीसाठी स्टूल घेताना मी पुन्हा सॅडलच निवडणार आहे. दुभंगलेलेच, पण आवरण काढून धुता येईल असे आणि एक पायरी आखूड नळकांड्याचे. तिथली रुग्णाची खुर्ची मात्र जुनी आहे आणि ती पुरेशी वर चढत नाही, त्यामुळे खुर्ची बदलेपर्यंत त्या खोलीत सपाट स्टूलच राहील.